साळवे मॅडमची लेबलं

साळवे मॅडमच्या टेबलावरचा स्टेपलर उचलला की त्याच्या पोटावर चिकटवलेली चिठ्ठी दिसायची: ‘आणून द्या. मी विसरत नाही.’ पंचला निराळी, पट्टीला निराळी. कॉम्प्युटर रूममधल्या युपीएसवर त्यांनी लिहून ठेवलं होतं, ‘हा ओरडला तर घाबरू नका, सेव्ह करा.’ बायकांच्या वॉशरूममधल्या लाल खुणेच्या नळावर ‘गरम येत नाही. वाट पाहू नका.’ आणि दाराशेजारच्या एका बटणावर नुसतंच ‘हे दाबू नका.’ ते दाबल्यानं काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. चिठ्ठी लागायच्या आधी त्या बटणाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, लागल्यावर मात्र दिवसाकाठी एकदा तरी कुणीतरी येऊन ते दाबून जायचंच. मी स्वतः दोनदा दाबलंय. काही होत नाही.

नगर जिल्ह्यातल्या सुप्याच्या एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी. नव्वदचं दशक संपत आलेलं. मी तिथं डेटा एंट्रीला होते, केडगावहून कंपनीच्या बसनं जायची-यायची. कंपनीनं पुण्याच्या कुणाकडून तरी एक सॉफ्टवेअर विकत घेतलं. खरेदी, स्टोअर, पगार, डिस्पॅच, सगळं त्या एकात चालणार होतं. ते सांभाळायला म्हणून साळवे मॅडम आल्या. पुष्पा साळवे, मूळच्या अकोले तालुक्यातल्या. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, आणि आवाज असा की त्या कॉम्प्युटर रूममध्ये हळू बोलल्या तरी मशीन शॉपपर्यंत ऐकू जायचं. राजूरला पतसंस्थेतली नोकरी सोडून त्या इथं आल्या होत्या, तीही सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. नवरा तिकडेच डोंगरातल्या शाळेवर मास्तर. दोन मुलींना घेऊन नगरला सावेडीत खोली केली होती. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, “ए नंदे, एक लक्षात ठेव. मला इथं कायम व्हायचंय. पोरींची नगरची शाळा त्याच्यावर आहे. त्यामुळं माझ्या कामात चूक दिसली तर आधी मला सांगायचं, मग जगाला.”

आता त्या सॉफ्टवेअरमध्ये लेबलाची भानगड होती, ती सांगते. माणसाला नाव आणि पासवर्ड दिला की त्याच्या नावाला लेबलं लावायची. ‘स्टोअर’ लावलं की त्याला स्टोअरचे पडदे, म्हणजे स्क्रीन, उघडणार, ‘पगार’ लावलं की पगाराचे. एका माणसाला कितीही लेबलं लावता येत. सूचनासुद्धा लेबलावर पाठवायची, म्हणजे ‘डिस्पॅच’ला पाठवली की डिस्पॅचच्या सगळ्यांना दिसणार. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं हे समजावून सांगितलं तेव्हा मॅडमच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी नंतर कुठल्या नवरीच्या चेहऱ्यावरही पाहिलं नाही. इतकी वर्षं बिचाऱ्या स्टेपलरला चिठ्ठ्या लावत होत्या. आता माणसं मिळाली.

पण आमची माणसं म्हणजे काय विचारता! लेबल हा कामाचा पत्ता आहे हे कुणाच्या गावीच नाही. सगळ्यांनी त्याला हुद्दा करून टाकलं. स्टोअरचे ढोकळे पारनेरचे, कंपनी उभी राहिली तेव्हापासूनचे. तिसऱ्याच दिवशी ते दारात हजर.

“म्याडम, काळेसायबाला तीन लेबलं लावली म्हनं?”

काळे साहेब म्हणजे आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. मॅडम म्हणाल्या, “त्यांना तीन ठिकाणचं बघावं लागतं, म्हणून तीन.”

“आन मला एकच?”

“तुम्ही स्टोअरमध्येच असता ना?”

“आसंना का. माझी सर्व्हिस त्यांच्यापरीस जास्त हाय. उद्या चार मान्सात कुनी इचारलं तर काय सांगू? एक लेबल म्हनून?”

दुसऱ्या कुणी त्यांना हाकललं असतं. मॅडमनी शांतपणे ‘स्टोअर जुने’ असं एक नवीन लेबल तयार केलं आणि ढोकळ्यांच्या नावाला लावलं. त्या लेबलानं काहीसुद्धा उघडत नव्हतं. ढोकळ्यांनी दुसऱ्या दिवशी पेढे वाटले. झालं! पेढे खाऊन काळे साहेब चौथं लेबल मागायला आले, आणि कॅन्टीनचा ठेकेदार, ज्याचा कॉम्प्युटरशी संबंध फक्त तिथं चहा आणून देण्यापुरता, तो म्हणाला, मला एखादं लहानसं असलं तरी चालेल.

या कामाच्या लेबलांशिवाय मॅडमनी आणखी काही लेबलं केली होती, त्या एकदा सूचना पाठवत होत्या तेव्हा ती मला दिसली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली. जागा कमी असल्यामुळे दोन-चार शब्दांत आटोपलेली. ढोकळ्यांच्या नावापुढं ‘दोनदा सांगा’. काळे साहेबांच्या नावापुढं ‘हो म्हणतात’. आमच्या जीएम साहेबांच्या नावापुढं ‘जेवल्यावर विचारा’.

मी तोंडावर हात ठेवला. “मॅडम, हे काय?”

“काय म्हणजे? सूचना पाठवायची असली की मला समोर दिसलं पाहिजे ना, कुणाला कसं सांगायचं ते. काळे साहेब हो म्हणाले की आपण समजतो झालं. होत काहीच नाही. मग त्यांच्या मागं लागायला पाहिजे, हे मला आठवणार कसं?”

“पण कुणी बघितलं तर?”

“कोण बघतंय? हा पडदा फक्त मला आहे.” मग माझ्याकडे तिरकं पाहून म्हणाल्या, “तुझंपण आहे. बघू नकोस.”

अर्थातच मी पाहिलं. ‘विचारू नका, थांबत नाही.’ माझ्या बोलण्याबद्दल होतं ते. दोन दिवस मी मुद्दाम गप्प बसले. मॅडमना ते कळलंसुद्धा नाही, हा खरा अपमान.

असं सगळं सुखानं चाललं होतं. मॅडमचे सहा महिने भरत आले होते. आणि एका शनिवारी तो पुण्याचा इंजिनिअर फ्लॉप्यांचा गठ्ठा घेऊन आला, नवी आवृत्ती बसवली, चहा घेतला आणि गेला. सोमवारी सकाळी सगळ्यांनी आपापले कॉम्प्युटर चालू केले. नव्या आवृत्तीत एक सुधारणा होती. कोण कुठल्या कामाला आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून प्रत्येकाच्या नावाखाली त्याची सगळी लेबलं हिरव्या अक्षरांत दिसत होती. सगळ्यांची, सगळ्यांना.

पहिली पाच मिनिटं ऑफिसात इतकी शांतता होती की मशीन शॉपमधला लेथ ऐकू येत होता. मग कुणीतरी फिसकन हसलं. मग काळे साहेबांच्या केबिनचं दार आपटलं. ढोकळे तर स्टोअरमधून तरातरा चालत आले, पडद्यावर बोट ठेवून मला म्हणाले, “नंदाताई, हे काय ल्हिलंय?” मी सांगितलं. ते म्हणाले, “काय?” मी परत सांगितलं. मग ते भडकले.

गंमत अशी, की जो तो स्वतःचं लेबल पाहून पेटला होता आणि दुसऱ्याचं पाहून मनापासून खूश होता. “माझं काढा, पण काळे साहेबांचं राहू द्या, ते बरोबर आहे,” असं मला किमान चौघांनी हळूच येऊन सांगितलं. काळे साहेब जीएम साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसले होते आणि त्यांची एकच मागणी होती, या बाईला आजच्या आज घालवा.

बारा वाजता सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. जीएम साहेब लालबुंद. त्यांच्या स्वतःच्या नावाखाली काय होतं ते त्यांनी वाचलं होतंच. मॅडम टेबलाच्या टोकाला उभ्या. इतक्या बडबड्या बाईचा चेहरा त्या दिवशी मला बघवेना. सहा महिने पूर्ण व्हायला आठवडाच उरला होता.

“साळवे बाई, तुम्हाला काही बोलायचंय?” साहेब ओरडले.

मॅडम चाचरत म्हणाल्या, “साहेब, माझी एक विनंती होती.”

“बोला!”

“हे आपण दोन वाजता घेतलं तर?”

 मग ढोकळ्यांना हसू फुटलं आणि ते खोकला म्हणून खपवायला बघत होते, तर ते जास्तच झालं. साहेबांनी टेबलावर हात आपटला, तोंड उघडलं, मिटलं, घड्याळाकडे पाहिलं आणि “दोन वाजता!” म्हणून तरातरा बाहेर पडले. मॅडमनी ते विनोद म्हणून म्हटलेलं नव्हतं, देवाशपथ. त्यांना खरंच तेच सुचलं.

दोन वाजता साहेब आले ते पोटभर जेवून. आवाज उतरलेला. म्हणाले, “काळे, मला सांगा, तुमच्याबद्दल लिहिलंय ते खोटं आहे का? त्या कूलिंग लाइनचं तुम्ही केव्हा करतो म्हणाला होता?”

“हो साहेब,” काळे घाईनं म्हणाले, “आजच करून टाकतो.”

यावर कुणी हसलं नाही, कारण हसू आलेल्यांनी ओठ चावून धरले होते. शेवटी साहेबांनी निकाल दिला. लेबलं सगळी काढून टाकायची. आणि बाईंनी एकेकाला भेटून माफी मागायची. “शनिवारी मी प्रत्येकाला विचारणार. एकजण जरी म्हणाला की माझं समाधान झालं नाही, तर बाई, प्रोबेशन संपलं असं समजा. कायम वगैरे विसरा.”

मॅडमनी लेबलं तासाभरात पुसली. माफीचं काम मात्र चार दिवस चाललं. माफी मागताना त्यांना गप्प बसता येत नव्हतं, हा घोटाळा. ढोकळ्यांना म्हणाल्या, “चुकलं माझं.” मग थांबून, “चुकलं म्हटलं माझं!” ढोकळे म्हणाले, “ऐकलं म्याडम पयल्याच येळंला. आता न्हाई राग.” पण ‘स्टोअर जुने’ तेवढं परत लावून घेतलं. काळे साहेबांनी बराच भाव खाऊन शेवटी “हो, झालं समाधान” म्हटलं. पण त्यांच्या हो म्हणण्याचा भरवसा कोण धरणार! मॅडम पुढं दोन दिवस त्यांना रोज विचारत होत्या.

सगळ्यांत सोपे वाटले होते म्हस्के. डिस्पॅचचे म्हस्के. त्यांची बायको उन्हाळ्यात गेली होती. तेव्हा मॅडमनी त्यांच्या नावाला ‘हळू बोला’ असं लावलं, स्वतःच्या आठवणीसाठी, आपला आवाज मोठा म्हणून. पुढं ते काढायचं राहून गेलं. आणि त्या सोमवारी ते सगळ्यांना दिसलं. म्हस्के तसा मुलखाचा भांडखोर माणूस. बसमध्ये खिडकीवरून भांडायचा, कॅन्टीनमध्ये रश्शावरून भांडायचा, टेम्पोवाल्यांशी तर विनाकारण. बायको गेल्यावर तेराव्यानंतर कामावर आला आणि दोन-तीन आठवड्यांत परत भांडायला लागला होता. ते लेबल वाचल्यावर मात्र सगळ्यांना एकदम आपापली चूक कळली, आणि सगळे गोड झाले. बसमध्ये खिडकी न मागता मिळायला लागली. ठेकेदार स्वतः येऊन रस्सा वाढायचा. टेम्पोवालेसुद्धा “म्हस्के काका, सावकाश होऊ द्या” म्हणायला लागले.

शुक्रवारी दुपारी मॅडम त्यांच्याकडे गेल्या. मी बरोबर होते. मॅडम म्हणाल्या, “म्हस्के, तुमची माफी मागायची राहिली. मनात वाईट काही नव्हतं.”

म्हस्के खोक्यावर बसले होते. वर न बघता म्हणाले, “माफी नको मला.”

“मग?”

“बाई, तुमी त्या डब्यातून पुसलं. लोकांच्या तोंडावरून कोन पुसनार? सोमवारपास्नं माझ्याशी कुनी वाकडं बोलंना. घरी गेलो तर भांडायला कुनी न्हाई. इथं आलो तर हितं बी न्हाई. मी जायाचं कुठं?”

  म्हस्के उठले. “समाधान न्हाई झालं माझं. सायबानं इचारलं तर खरं सांगनार.” आणि टेम्पोकडे निघून गेले.

कॉम्प्युटर रूममध्ये येऊन मॅडम खुर्चीत बसल्या. मी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून म्हणाल्या, “नंदे, आमच्या आजोबांनी बौद्ध धर्म घेतला. घर बदललं, रीत बदलली, माझा बाप शिकून मास्तर झाला. पण गावातली म्हातारी माणसं त्याला शेवटपर्यंत जुन्याच नावानं हाक मारायची. त्याला चिडलेला बघितलंय मी. एकदा कुणी काही चिकटवलं की निघत नाही, हे मी घरात बघितलेलं. आणि मीच बसून हे केलं.”

“पण तुमचं चांगल्या मनानं होतं, मॅडम.”

“त्याला काय करायचंय माझ्या मनाशी? त्याला खिडकी मिळते आणि झोप येत नाही.” मग पाणी एका दमात पिऊन उठल्या. “पोरींच्या शाळेचं जे व्हायचं ते होईल. आधी हे निस्तरायला पाहिजे.”

संध्याकाळी बस सुटायच्या वेळी म्हस्के खिडकीपाशी बसले होते. शेजारची जागाही लोकांनी अदबीनं रिकामी ठेवलेली. मॅडम चढल्या, सरळ त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“उठा.”

सगळी बस वळून बघायला लागली. म्हस्के गोंधळले. “काय?”

“उठा म्हणते. खिडकी काय तुमच्या नावावर करून दिलीय कुणी? रोज तुम्हीच?”

“अहो मॅडम…” मागून दोघं-तिघं कुजबुजले. आणि म्हस्के, काय सांगू, मुकाट्यानं उठायलाच लागले! भांडण्याची सवयच मोडली होती बिचाऱ्याची. मॅडम घाबरल्या. आता हा माणूस खरंच खिडकी देऊन बसला तर सगळंच मुसळ केरात. त्या आणखी जोरात ओरडल्या, “आणि परवाच्या टेम्पोत खोकी उलटी कुणी भरली? तुम्हीच ना? बाण वर असतो, एवढंही कळत नाही?”

म्हस्के अर्धवट उठलेले तसेच थांबले. “कोन म्हनतं?”

“मी म्हणते.”

“मी उलटी खोकी भरतो? मी? बारा वर्सं डिस्पॅचला हाय मी! तुमी कॉम्प्युटरवर बोटं मोडनारी मान्सं, तुमाला खोक्याची वरची बाजू तरी म्हाईत हाय का?”

“मला सगळं माहीत आहे!”

“काय म्हाईत हाय? सांगा! बसतो मी हितंच, उठत न्हाई, सांगा!”

आणि ते धपकन खिडकीशी परत बसले. बस सुप्याच्या फाट्यावरून नगरच्या रस्त्याला लागली. कामरगाव आलं तेव्हा दोघं खोक्यांवरून चहाच्या कपांवर आले होते, चासला पोचेपर्यंत मॅडमच्या फ्लॉप्या, म्हस्क्यांची चप्पल आणि अकोल्याचा तांदूळ चांगला की पारनेरची बाजरी, एवढं सगळं निघालं होतं. ढोकळ्यांना राहवेना. ते काळजीनं म्हणाले, “म्हस्के, आरं हळू बोल, हळू बोल.”

“न्हाई बोलनार हळू!” म्हस्के गरजले. “जन्मभर मोठ्यानंच बोलत आलोय!”

हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलासुद्धा ते थांबले नाहीत. मॅडमचंही तेच. दोघं रडत होते आणि दोघं भांडत होते. माझा केडगावचा स्टॉप कधी गेला मला कळलं नाही. मी थेट माळीवाड्याला उतरले आणि रिक्षा करून परत आले, पण ते भांडण मी अर्धवट सोडणार नव्हते.

शनिवारी साहेबांनी एकेकाला विचारलं. म्हस्क्यांची पाळी आली.

“समाधान झालं का?”

“न्हाई साहेब.” मॅडमनी मान खाली घातली. म्हस्के पुढं म्हणाले, “बाईंचं तोंड लई चालतंय. अजून माझं बोलनं संपलेलं न्हाई. ह्यांना घालवलं तर मी भांडू कुनाशी? कायम करा.”

 दुपारचे तीन वाजले होते, त्यामुळे साहेब हसलेसुद्धा. मॅडम कायम झाल्या.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून मला साडी दिली, ढोकळ्यांनी पेढे आणले. मॅडम म्हणाल्या होत्या, बसमध्ये नीट बोलू, आत्ता रडायला नको. मी त्यांच्या पुढच्याच सीटवर बसले. पण बस सुटली आणि म्हस्के काहीतरी म्हणाले, मॅडमनी काहीतरी ऐकवलं, आणि ते जे सुरू झालं ते थांबेचना. केडगाव आलं. मी मागं वळून “येते मॅडम” म्हटलं, तेही त्या आवाजात बुडालं. मी खाली उतरले, पिशवी आणि साडीचा खोका सांभाळत रस्त्याच्या कडेला उभी राहिले. बस हलली. खिडकीशी म्हस्के, आणि त्यांच्या खांद्यावरून पुढं झुकून हातवारे करणाऱ्या साळवे मॅडम. त्यांचा हात वर गेला. मला वाटलं, मलाच. मी पण हात हलवला. पण तो हात म्हस्क्यांच्या नाकासमोर जाऊन थांबला आणि बस पुढं निघून गेली.